परदेशात अर्धनिवृत्ती : दुपारी चार वाजता कोणाच्या पडवीत बसायचे?

प्रश्न : भाट्येकर

नमस्कार. माझे वय ५८ असून पत्नी दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाली आहे. आम्ही रत्नागिरीजवळ भाट्याच्या बाजूला राहतो. तीस वर्षे मुंबईत इमारतींचे आराखडे तपासण्याची नोकरी केल्यावर मी गावी परतलो. जुन्या कार्यालयाचे थोडे काम अजूनही दिवसाला तीन तास घरूनच करतो, त्यामुळे मला निवृत्त म्हणावे की नोकरदार, हे आमच्या भावकीला अद्याप ठरवता आलेले नाही. मार्च ते मे आंब्याचे दिवस असतात, तेव्हा कलमे सोडून हलता येत नाही. गणपतीला घर बंद ठेवणे आमच्याकडे अशक्यच. उरतात ते जून ते मध्य ऑगस्ट आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे महिने. या दिवसांत वर्षातून एकदा दोन-तीन महिने परदेशात एखाद्या गावात राहावे, असा आमचा विचार आहे.

घरासमोर समुद्र असताना दुसऱ्याचा समुद्र बघायला कशाला जायचे, असे आळीतील मंडळी विचारतात. त्यांचे चूक आहे असे म्हणवत नाही. तथापि आम्हाला प्रेक्षणीय स्थळे पाहायची नाहीत. दुसऱ्या एखाद्या गावात शेजारी म्हणून राहून पाहायचे आहे.

मागच्या वर्षी आम्ही एका समुद्रकाठच्या परदेशी शहरात तीन आठवडे राहून आलो. इमारत नीटनेटकी होती, पोहण्याचा तलाव होता, खिडकीतून पाणी दिसत होते. चौथ्या दिवशी पत्नीने विचारले, "इथे दुपारी चार वाजता मी कोणाकडे जाऊन बसू?" आमच्या घरी चार वाजता चहाचे आधण ठेवले की शेजारच्या वहिनी मोड आलेल्या वालांची परात घेऊन पडवीत येतात आणि बिरडे सोलता सोलता साऱ्या आळीचा हिशेब होतो. त्या शहरात चार वाजता आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत बसलो होतो. उरलेले दिवस आम्ही बाजारहाटात आणि भ्रमणध्वनीवर काढले.

तेव्हा माझा प्रश्न व्हिसाच्या दलालांना नाही, असे राहून आलेल्यांना आहे. तुमचा तिथला दिवस कसा जात असे, ओळखी कशा झाल्या, आणि माझ्यासारखे अर्धे काम चालू असेल तर ते कुठे बसवले? आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांचे अनुभव मिळाले तर अधिक बरे.

उत्तर १ : हर्णैचा दर्यावर्दी

भाट्येकर, मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो. आता जहाजांच्या दुरुस्तीचे अहवाल वाचून शेरे देण्याचे काम घरून करतो. गेली चार वर्षे जून ते ऑगस्ट आम्ही मॉरिशसमध्ये असतो. लिहिणे लांबेल, पण तुमच्या पत्नीने विचारलेला प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर सापडायला मला एक पूर्ण वर्ष वाया घालवावे लागले.

पहिल्या वर्षी आम्ही उत्तरेला ग्रां बे येथे पर्यटकांच्या वस्तीत घर घेतले. आसपास सगळे आमच्यासारखेच, म्हणजे कोणीच तिथले नव्हे. संध्याकाळी गच्चीवर पेले घेऊन बसणारी मंडळी भेटत, अघळपघळ गप्पा होत आणि पुढच्या आठवड्यात ती मंडळी आपापल्या देशी गेलेली असत. घर मिळवून देणाऱ्या दलालाने शेवटी अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापले, ते वेगळेच. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम समुद्र सोडला आणि पठारावरच्या कात्र बोर्न या गावी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खाली घरमालकीण राहते. नातेवाइकांनी मला वेड्यात काढले. पण लोक राहतात ते तिथे. बसने अर्ध्या तासात समुद्रकिनारा गाठता येतो, आणि बसमध्येच निम्म्या ओळखी होतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. आपल्याकडे जूनमध्ये आभाळ फाटते तेव्हा तिकडे हिवाळा असतो आणि किनाऱ्यावर हवा कोरडी, सुखाची असते. तिकडची वादळे नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये येतात. तेव्हा १ ते ४ क्रमांकांचे इशारे दिले जातात आणि इशारा वाढला की लोकांना घरात बसावे लागते. तुमच्या दिवाळी ते शिमगा या काळासाठी म्हणूनच मॉरिशस मी सुचवणार नाही. पठारावर मात्र हिवाळ्यातही भुरभुर चालू असते. क्यूरपीपला तर स्वेटर घालून छत्री धरावी लागते. कोकणचा पाऊस चुकवायला गेलेला माणूस तिथे पावसातच सापडला, यावर आमच्या सौभाग्यवती अजून हसतात.

आता दिवसाचे सांगतो. मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मी सकाळी साडेआठला कामाला बसतो तेव्हा मुंबईत दहा वाजलेले असतात. साडेअकराला उठतो तेव्हा इकडे एक वाजलेला असतो आणि कार्यालय जेवायला गेलेले असते. त्यानंतर मला कोणी शोधत नाही. बुधवारी आणि शनिवारी भाजीचा बाजार भरतो. कोपऱ्यावरच्या चिनी वाण्याच्या दुकानाला तिकडे लाबुतिक म्हणतात आणि जुन्या गिऱ्हाइकाची तिथे उधारीची वही असते, तिचे नाव कार्ने. तिसऱ्या वर्षी त्या दुकानदाराने न मागता माझ्या नावाची वही उघडली. परवाना हातात पडला तेव्हा वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या दिवशी वाटला. दुपारी गाडीवरची ढोल पुरी खातो. हरभऱ्याच्या डाळीसारख्या डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी, म्हणजे गूळ विसरलेली पुरणपोळी समजा. ती नेहमी जोडीनेच देतात. एक मागितली तर विकणारा आपल्याकडे दयेने पाहतो.

आणि चार वाजता? दुकानाच्या बाजूला चार म्हातारे डॉमिनो खेळतात, तिथे मी असतो. हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि गाव आपले दार लावून घेते, हे लक्षात ठेवा. रात्री आठनंतर गजबज शोधणाऱ्याने तिथे जाऊ नये. रविवारी मात्र सारे बेट किनाऱ्यावर उतरल्यासारखे वाटते. तिकडे सुरूच्या झाडाला फिलाओ म्हणतात. त्या बनात कुटुंबेच्या कुटुंबे भांडी, सतरंज्या, आजीसकट येऊन बसतात. कोणीतरी सुक्या पात्यांची शेकोटी करतो आणि बकऱ्याच्या कातड्याचा रावान नावाचा मोठा, चपटा डफ तिच्यावर धरून शेकतो. कातडे तापले की बोटाने टिचकी मारून बघायचे, परत शेकायचे, परत टिचकी. शिमग्यात आमच्या वाडीत ढोल तापवणारा माणूस अगदी अशीच मान वाकडी करून ऐकतो. तिथल्या सेगा नृत्य-संगीताला युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, पण वारसा काय असतो ते मला त्या टिचकीत कळले.

माझी खरी ओळख मात्र वेगळ्याच वाटेने झाली. १८३४ पासून पुढे सुमारे पाच लाख भारतीय मजूर करारावर त्या बेटावर उतरले. त्यांतील काही जहाजे मुंबई बंदरातून सुटली आणि त्यांत आपल्या किनाऱ्यावरची माणसे होती. ती जिथे उतरली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदी जपलेल्या आहेत : नाव, बापाचे नाव, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि काही जणांची छायाचित्रेसुद्धा. डॉमिनोच्या मेजावरचा एकजण मराठी निघाला. घरात क्रेओल ही तिथली बोली बोलतो, मराठी चार वाक्ये येतात. त्याच्याकडे पणजोबांच्या नोंदीचा उतारा होता आणि गावाचे नाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिल्यामुळे कोणालाच लागत नव्हते. जिल्हा रत्नागिरी होता. गावाचे नाव मी मोठ्याने चार वेळा वाचले, तेव्हा शेवटी ते दाभोळजवळच्या एका वाडीसारखे ऐकू आले. खात्रीने सांगत नाही, असे मी दहा वेळा बजावले. पुढच्या मंगळवारी तीन माणसे तीन कागद घेऊन दारात उभी होती.

तेव्हापासून आमच्या घरी चार वाजता कोणी ना कोणी असते. सगळी गावे लागत नाहीत. कित्येकदा "हे खेड असेल किंवा दुसरेच काही," एवढेच सांगून चहा पाजावा लागतो. पूर्वजाचे पहिले नावच पुढे आडनाव झालेले असल्यामुळे आडनावावरून गाव ओळखण्याची आपली युक्ती तिथे चालत नाही. एका वर्षी आमच्या गणपतीची पाळी चुलत भावाकडे होती म्हणून आम्ही तिकडेच थांबलो. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. त्याआधी काही आठवडे संध्याकाळी झाकरीचा सराव चालतो. झाकरी म्हणजे आपली जाखडी, आपला बाल्या नाच. मध्ये ढोलकी, भोवती फेर. गाण्याचे शब्द सगळ्यांना पाठ होते आणि त्यांतल्या निम्म्यांचा अर्थ त्यांनी मला विचारला. सगळ्यांचा मलाही येत नव्हता.

कामाविषयी एवढेच : पर्यटक म्हणून गेलात तर कामाचा परवाना नसतो. बाहेरच्या देशातील उत्पन्नावर राहून दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी तिकडे २०२० पासून प्रीमियम व्हिसा आहे, तो एक वर्षाचा असतो. ५० वर्षांवरील निवृत्तांसाठी निवास परवाना निराळा. उत्पन्नाची अट बदलत असते, म्हणून आकडा लिहीत नाही. तिथल्या सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यावा. मुंबईहून विमान सुमारे सहा तासांचे आहे.

उत्तर २ : सुरंगी, दापोली

दादा, तुमचा प्रश्न तुमचा असला तरी खरा प्रश्न वहिनींचा आहे, म्हणून मी त्यांनाच उत्तर देते.

वहिनी, आम्ही दोन वेळा थायलंडमध्ये हुआ हिन या समुद्रकाठच्या गावी राहिलो. आमचे हे पूर्ण निवृत्त आहेत. तिकडच्या निवृत्ती व्हिसाला वय ५० पूर्ण लागते आणि थाई बँकेत आठ लाख बाथ किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. दादांनी आपले तीन तासांचे काम सोडायची तयारी नसेल तर हे आधी तपासून घ्यावे. आम्ही साधेच, थोड्या दिवसांसाठी गेलो होतो.

तिथे मराठी माणूस औषधालाही नव्हता आणि भाषेचे एक अक्षर कळत नव्हते. परदेशी निवृत्तांचे क्लब आहेत. एकदा गेले. बायका भल्या होत्या, पण बोलणे सारे गुडघ्यांचे आणि विम्याचे. गुडघे मला दापोलीतही आहेत.

माझी ओळख झाली ती नारळामुळे. सकाळच्या बाजारात एक बाई यंत्रावर नारळ खवून, पिळून, दूध पिशवीत भरून देत असे. मी बोटाने दाखवून एक पिशवी घेतली, घरी आणून पाहते तर पाणचट. दुसऱ्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन गेले आणि तोंड वाकडे केले. ती खो खो हसली आणि दोन पिशव्या पुढे ठेवल्या. नारळाच्या दुधाला ते कथी म्हणतात. दाट दुधाला कथीचे डोके आणि पातळ दुधाला कथीचे शेपूट. आपले पहिले दूध आणि दुसरे दूध! मी आदल्या दिवशी शेपूट नेले होते. मग मी पिशवीतून नेलेली आमसुले तिला दाखवली. तिने एक चोखून पाहिले, डोळे मिटले आणि धावत जाऊन मसाल्याच्या दुकानातून एक वाळलेला आंबट काप घेऊन आली. सोम खेक म्हणाली. तेही आमसुलाच्याच जातीचे फळ. चौथ्या दिवशी मी तिच्यासाठी बाटलीत सोलकढी नेली. ती तिने मिरचीचे तुकडे घालून प्यायली, हे मी माझ्या सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.

पुढे ती मला देवळात घेऊन गेली. त्यांच्या पंधरवड्यातल्या अष्टमीला आणि पौर्णिमा-अमावास्येला बायका सकाळी डबे घेऊन भिक्खूंना जेवण द्यायला जातात. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तीन महिन्यांचा वर्षावास बसतो, म्हणजे चातुर्मासच म्हणा ना. मला पूजा कळत नव्हती, पण डबे उघडणे, पळ्या धुणे, सतरंजी झटकणे हे कळत होते आणि त्याला भाषा लागत नाही. तीन आठवड्यांत मी त्या ओळीतली एक झाले. एका अष्टमीला तापामुळे गेले नाही, तर संध्याकाळी दोघीजणी फणस घेऊन घरी हजर. वेळ सांगते : सव्वाचार.

तेव्हा वहिनी, जाताना बरोबर काहीतरी न्या जे तिथल्या बाईला चाखून बघावेसे वाटेल, आणि घर बाजाराला चालत जाण्याइतके जवळ घ्या. तलाव बिलाव नको.

उत्तर ३ : आचरेकर

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी थोडे विरोधी लिहिणार आहे, क्षमस्व.

आमच्या आचऱ्याला दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की सारे गाव माणसे, गुरे, कोंबड्यांसह वेशीबाहेर जाऊन तीन दिवस झोपड्यांत राहते. त्या तीन दिवसांत कोणालाही परके वाटत नाही, कारण शेजारी बरोबर आलेला असतो. परदेशात तुम्ही दोघेच वेशीबाहेर जाता, ही गोष्ट लोक विसरतात. आणखी एक. वर्गणी, मानपान, भावकीची बोलणी यांना कंटाळून काही जण बाहेर जायचे म्हणतात. भाट्येकर तसे नसावेत, पण जे तसे आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ज्या गावात तुमच्याकडे कोणी वर्गणी मागत नाही त्या गावात तुमच्या घरी चहाला कोणी येत नाही.

मी पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या दक्षिणेला सेतुबाल येथे एक हिवाळा काढला. युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, त्यामुळे ८८ दिवस राहिलो आणि काम पूर्ण बंद ठेवले. गाव साडो नदीच्या मुखाशी आहे, म्हणून खाडीकाठचा माणूस रमेल असे वाटले. मासळीबाजार देखणा आहे आणि तळलेली माकुले तिथली खासियत, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात ऊब नसते. भिंती ओल्या, लाद्या बर्फासारख्या, आणि हिवाळा हाच त्यांचा पावसाळा. मी माकडटोपी घालून झोपत होतो. स्वस्त भाड्याचे घर उन्हाळ्याची छायाचित्रे बघून घेतले, ही चूक माझी.

बागेत दगडी मेजांवर म्हातारे पत्ते खेळत. खेळाचे नाव सुएका. तीन आठवडे मी मागे उभा राहून पाहत होतो आणि कोणी मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. खेळ समजू लागला तो आपल्या मेंढीकोटमुळे : चौघे, समोरासमोरचे भिडू, हुकूम, हात. आपण दश्श्या पकडतो तर तिथे अठ्ठी, नव्वी आणि दश्शी जोडातून काढूनच टाकतात, चाळीस पानांचा डाव. एक्क्याला ११ गुण आणि त्याच्याखालोखाल चक्क सत्तीला १०. राणी गुलामाच्याही खाली. एके दिवशी चौथा भिडू दवाखान्यात गेला होता. तिघांनी इकडे तिकडे पाहिले आणि एका निवृत्त कोळ्याने माझ्याकडे बोट केले. पहिल्याच डावात मी विरोधी जोडीच्या हातावर सत्ती टाकली, कारण आपल्याकडे सत्तीला कोण विचारतो! माझ्या भिडूने पाने मेजावर ठेवली, टोपी काढली, डोके खाजवले, टोपी घातली आणि पाने परत उचलली. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मला पाच मिनिटे उशीर झाला तर तोच ओरडला.

नंतरचे चाळीस दिवस माझे दुपारचे तीन ते पाच बांधलेले होते. तरीही मी पुन्हा गेलो नाही. माझ्या पत्नीसाठी त्या मेजावर जागा नव्हती. बागेत सगळे पुरुषच. तिने ते ८८ दिवस लोकरीचे विणकाम केले आणि परत आल्यावर मला ते स्वेटर दाखवून दाखवून लाजवले. दोघांची जागा होईल असे गाव शोधा, नाही तर भाट्येच बरे.

दर्यावर्दींच्या उत्तराबद्दलही शंका आहे. मराठी माणसे असलेल्या ठिकाणीच जायचे तर ती आपलीच आळी झाली. मग सहा तास विमानात कशाला बसायचे?

उत्तर ४ : जमाखर्च, देवगड

व्यवहाराचे थोडक्यात लिहितो. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असाल तर तुम्ही इथले रहिवासी करदाते राहता आणि जगभरातील उत्पन्न इथे दाखवावे लागते. दोन-तीन महिने बाहेर राहिल्याने त्यात फरक पडत नाही. मॉरिशसमध्ये वर्षात १८३ दिवस राहिलात तर तिकडचेही रहिवासी ठरता, तेव्हा तिथवर जाऊ नका. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, ती आपल्यासारख्यांना कधी लागत नाही. वहिनी निवृत्तिवेतन घेत असतील तर नोव्हेंबरातील हयातीचा दाखला भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवूनही देता येतो. इथली आरोग्य विम्याची पॉलिसी बहुधा परदेशात चालत नाही. प्रवास विमा घेताना रक्तदाब, मधुमेह लपवू नका, कारण दावा तिथेच अडतो. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर काही देशांत निर्बंध आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या.

याहून महत्त्वाचे म्हणजे पावसाळ्यात बंद राहणारे घर. जाण्याआधी कौले शेकारून घ्या, पडवीला झड म्हणजे पावसाचा आडोसा बांधा आणि दर तीन दिवसांनी कोणीतरी दारे उघडून धुरी करील अशी व्यवस्था करा. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अडीच महिन्यांनी परतले तेव्हा कपाटातल्या पैठणीवर बुरशी आणि जमाखर्चाच्या वह्यांत वाळवी होती.

हर्णैचा दर्यावर्दी

आचरेकर, शंका रास्त आहे. पण ती आपली आळी नव्हे. दीडशे वर्षांत त्यांचे जेवण, भाषा, सोयरिकी सारे निराळे झाले आहे आणि त्यांना आपली गरज नाही. सुरुवातीला मी त्यांचे मराठी उच्चार सुधारू लागलो तेव्हा एका आजींनी मला गोड शब्दांत गप्प केले. कागद वाचायला माणूस हवा होता, तो मी झालो. बाकी मेजावर मी अजून सर्वांत कच्चा खेळाडू आहे. पत्नीचे विचाराल तर ती शनिवारी घरमालकिणीबरोबर बाजाराला जाते आणि दोघी मिळून लोणचे घालतात, मोहरी आणि व्हिनेगरचे. मला ते आवडत नाही, पण माझे मत कोणी विचारलेले नाही.

भाट्येकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवली. शेजारच्या वहिनी बिरडे सोलत होत्या, त्यांनीही ऐकली आणि कथीच्या शेपटाला सर्वांत जास्त दाद मिळाली. अशा बाजारात जायचे मनात होते, पण काम सोडायची माझी तयारी नाही, त्यामुळे तूर्त थायलंड बाजूला राहिले.

असे ठरले आहे : प्रथम जूनमध्ये फक्त सहा आठवडे, प्रीमियम व्हिसा मिळाला तर कात्र बोर्नला, समुद्रापासून लांब, बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. शाळेत पत्नीने तीस वर्षे मुलांचे अक्षर वाचले आहे, त्यामुळे कारकुनाचे लिहिणे आपल्याला लागेल, माझ्या नवऱ्याला लागणार नाही, असे तिचे म्हणणे आहे. सहा आठवडे घर उघडून धुरी करण्याचे शेजारच्या वहिनींनी मान्य केले. मोबदला म्हणून त्यांनी दोन गोष्टी मागितल्या : आमच्या परसातील पहिला फणस, आणि रोज दुपारी चार वाजता व्हिडिओवर फोन.

दर्यावर्दी, चार वाजता म्हणजे तिकडे अडीच. त्या वेळी कोणी कागद घेऊन येत नाही ना?

हर्णैचा दर्यावर्दी

अडीचला म्हातारे झोपलेले असतात. फोन निर्धास्त करा. आणि तुमच्या पत्नीला सांगा, थोडे वाल बरोबर न्यायचे असतील तर विमानतळावरच्या अर्जात बियाणे जाहीर करावे लागते. पहिल्या वर्षी आमचे तिथेच काढून घेतले होते.